‘मला कुणी नको’: आई-बाबा केअरटेकर ठेवायला नकार देतात, तेव्हा काय करायचं?

“एवढी का मी म्हातारी झालेय?”
“माझं मी करतो, कुणाची गरज नाही.”
“परकी बाई घरात नको.”
“त्यापेक्षा वृद्धाश्रमातच नेऊन सोडा.”

आई किंवा बाबांसाठी केअरटेकर ठेवू या, असा विषय घरात निघाला की यातलं एखादं वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मुलं चिडतात, आई रुसते, बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि विषय तिथेच संपतो. तो पुन्हा निघतो थेट कुणीतरी पडल्यावर. मग हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून कुणाकडून तरी ब्युरोचा नंबर घेतला जातो आणि डिस्चार्जच्या दिवशी घरात एक अनोळखी व्यक्ती हजर होते. आईला कुणी विचारलेलं नसतं आणि त्या बाईलाही कुणी काही नीट सांगितलेलं नसतं. चार दिवसांत दोघींचं बिनसतं, बाई निघून जाते आणि घरातले म्हणतात, “आमच्या आईला कुणीच चालत नाही.”

हे टाळता येतं का? बऱ्याचदा येतं. पण त्यासाठी आई-बाबा नेमकं कशाला नाही म्हणतायत, हे आधी समजून घ्यावं लागतं. मदत आली की त्यासोबत आपल्या हातातून काहीतरी जाणार, ही भीती त्या नकारामागे असते. ते काय आहे हे कळलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

हा प्रश्न घरोघरी का आलाय?

२०११ च्या जनगणनेत भारतात ६० वर्षांवरच्या लोकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातले १०.५ टक्के लोक साठीच्या पुढे होते. २०५० पर्यंत हे प्रमाण २०.८ टक्क्यांवर जाईल, असा अंदाज आहे. म्हणजे पाचातला एक.

दुसरीकडे घरं लहान झाली. साताऱ्यात किंवा नाशिकमध्ये आई-बाबा, मुलगा बंगळुरूला, मुलगी परदेशात, हे चित्र आता नेहमीचं आहे. एकाच शहरात राहणारी मुलंही सकाळी आठला बाहेर पडतात आणि रात्री आठला परततात. पूर्वी म्हाताऱ्या माणसांचं सगळं घरात व्हायचं असं आपण म्हणतो, तेव्हा ते बहुतेक वेळा घरातली सून करत होती हे सोयीने विसरतो. आता तीही नोकरी करते.

त्यामुळे शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही आया, मावशी, मामा, ब्रदर, केअरटेकर अशा नावांनी ओळखली जाणारी माणसं आणि ती पुरवणारे ब्युरो दिसू लागलेत. पैसे दिले की माणूस मिळतो. पण ज्यांच्यासाठी माणूस ठेवायचा, त्यांचा होकार पैशाने मिळत नाही.

मदतीची गरज आहे, हे ओळखायचं कसं?

“आई आता थकलीये” एवढ्यावर निर्णय घेतला तर आईला तो पटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. नेमकं काय जमत नाही, हे आधी बघायला हवं.

यासाठी डॉक्टर दोन साध्या याद्या वापरतात. पहिली १९६३ मध्ये सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यात रोजच्या सहा गोष्टी आहेत: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून किंवा खुर्चीवरून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. दुसरी यादी १९६९ ची, लॉटन आणि ब्रोडी यांची. त्यात फोन वापरणं, बाजारहाट, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचे व्यवहार अशी आठ कामं येतात.

हळूहळू तब्येत खालावते तेव्हा सहसा दुसऱ्या यादीतल्या गोष्टी आधी सुटतात. त्याच्या खुणा घरात दिसतात. लाइट बिल दोन महिने भरलेलं नाही. औषधाच्या स्ट्रिपमध्ये जास्त गोळ्या उरल्यात किंवा वेळेआधीच संपल्यात. फ्रिजमध्ये आंबलेली भाजी आहे. दुधाचं पातेलं वारंवार करपतंय. बाबा दोन-तीन दिवस त्याच शर्टात दिसतात. हातावर काळानिळा डाग आहे आणि “कुठेतरी लागलं असेल” असं उत्तर मिळतं.

दर आठवड्याच्या व्हिडिओ कॉलवर यातलं काहीच दिसत नाही. दोन-चार दिवस सोबत राहिलं तर दिसतं.

इथे एक गोष्ट विसरू नये. प्रत्येक बदल वयामुळे झालेला नसतो. मोतीबिंदू, ऐकू कमी येणं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यामुळेही माणूस मंदावतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळल्यासारखं वागणं सुरू झालं तर लगेच डॉक्टरकडे न्यावं. वयस्कर माणसांत लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम कमी होणं, हीसुद्धा त्याची कारणं असू शकतात. आधी तपासणी आणि मग केअरटेकरचा विषय, हा क्रम ठेवला तर आई-बाबांनाही वाटतं की मुलं आपल्याला उगाच म्हातारं ठरवत नाहीयेत.

‘नको’ म्हणजे नेमकं काय नको?

नकार एकच असला तरी त्यामागची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा मार्गही वेगळा असतो.

घरावरचा हक्क. चाळीस-पन्नास वर्षं ज्या बाईने स्वयंपाकघर चालवलं, तिच्या डब्यांना उद्या दुसरं कुणी हात लावणार. मिठाचा डबा कुठे ठेवायचा हे कुणी तिसरंच ठरवणार. बाहेरून हे क्षुल्लक वाटतं. पण जिची सत्ता आयुष्यभर त्या चार ओट्यांपुरती होती, तिच्यासाठी ते राज्य जाण्यासारखं आहे. बाबांच्या बाबतीत हीच गोष्ट बँकेचं पासबुक, कपाटाची किल्ली आणि सकाळी स्वतः जाऊन दूध आणणं यात असते.

शरीराची लाज. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, संडासला नेणं ही मदत परक्या माणसाकडून घेणं अवघड जातं. ज्या पिढीने नवऱ्यासमोरही डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्या पिढीतल्या बाईला हे किती जड जात असेल याचा अंदाज करावा. पुष्कळदा ती तसं बोलून दाखवत नाही. “ती बाई नीट काम करत नाही” एवढंच म्हणते.

परक्याची भीती. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना लुटल्याच्या बातम्या आई-बाबाही वाचतात, आणि व्हॉट्सॲपवर त्या दहा वेळा येतात. ही भीती निराधार नाही. “काही होत नाही गं” म्हणून ती झटकून टाकली तर ती वाढतेच.

पैसे. पेन्शनवर जगणाऱ्या किंवा पेन्शनही नसलेल्या माणसाला दर महिन्याचा एवढा खर्च आपल्यापायी होणं सहन होत नाही. “नातवाच्या शिक्षणाला ठेवा” हे वाक्य मनापासून आलेलं असतं.

लोक काय म्हणतील. बाहेरची बाई ठेवली म्हणजे मुलांनी, सुनेने जबाबदारी झटकली, असं नातेवाईक म्हणतील ही धास्ती असते. त्यामागे आणखी एक भीती दडलेली असते: आज बाई ठेवली, उद्या मुलं येणंच बंद करतील. “त्यापेक्षा वृद्धाश्रमात टाका” हा टोमणा वाटतो, पण तो प्रश्न असतो. मला सोडून तर देणार नाही ना?

जात आणि सोवळं-ओवळं. हे मोठ्याने बोललं जात नाही, पण अनेक घरांत असतं. आलेल्या बाईचं आडनाव विचारलं जातं, तिला वेगळा कप दिला जातो. इथे आई-बाबांच्या भावना जपण्याच्या नावाखाली काम करणाऱ्या माणसाचा अपमान चालवून घेऊ नये. काय खायचं, देवघरात कुणी काय करायचं हे ठरवण्याचा हक्क आईला आहे. माणसाला कमी लेखण्याचा नाही. घरातल्यांनी ही रेघ पहिल्याच दिवशी आखावी.

आजार स्वतः. काही वेळा माणूस हट्टी झालेला नसतो. आपल्याला काही झालंय हे त्याच्या मेंदूला कळतच नसतं. डिमेन्शियामध्ये आणि काही प्रकारच्या पक्षाघातानंतर असं होतं. वैद्यकीय भाषेत याला अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असावा. अशा माणसाला पुरावे देऊन पटवत बसलं तर भांडणंच वाढतात.

बोलायचं कधी, कुणी आणि कसं?

गणपतीला किंवा दिवाळीला सगळे जमतात. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर चार मुलं, दोन सुना आणि एक जावई मिळून आईसमोर विषय काढतात. हेतू चांगला असतो, पण आईला ती सुनावणी वाटते. त्याऐवजी जिचं किंवा ज्याचं ऐकलं जातं अशा एकाच व्यक्तीने, शांत वेळी, दोघंच असताना बोलावं. संध्याकाळी दमलेल्या, भुकेल्या माणसाशी हा विषय काढू नये. ऐकू कमी येत असेल तर समोर बसून, सावकाश बोलावं. अर्धवट ऐकू आलेल्या बोलण्यावर ‘नाही’ हेच उत्तर सोपं असतं.

त्याआधी भावंडांचं आपसात एकमत हवं. मोठा म्हणतो बाई ठेवू, धाकटी म्हणते काही गरज नाही, तर आई-बाबा साहजिकच धाकटीचा आधार घेणार. पैसे कोण किती देणार हेही आई-बाबांसमोर आणू नये, आधीच ठरवावं.

शब्दांनी बराच फरक पडतो.

“तुला आता काही जमत नाही, उद्यापासून बाई येणार.” या वाक्याला उत्तर म्हणून भांडणच येईल.

“आई, या महिन्यात दोनदा बाथरूममध्ये तुझा तोल गेला. मला ऑफिसात लक्ष लागत नाही. तुझ्या आंघोळीच्या वेळी घरात कुणीतरी असावं असं मला वाटतं. तुला काय वाटतं?” या वाक्यात घडलेली गोष्ट आहे, बोलणाऱ्याची काळजी आहे, छोटी मागणी आहे आणि शेवटी प्रश्न आहे.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसून ऐकणंही गरजेचं आहे. “तुला त्यात नेमकं काय नको वाटतं?” असं विचारलं तर उत्तर कदाचित लगेच येणार नाही. दोन दिवसांनी, भाजी निवडताना येईल.

स्वतःसाठी मदत न घेणारे आई-बाबा एकमेकांसाठी घेतात, असंही दिसतं. पंचाहत्तरीचे बाबा आईला उचलून बसवत असतील तर “बाबांच्या कंबरेला आता हे झेपत नाही, त्यांच्यासाठी माणूस ठेवू” हे आईला पटू शकतं. यात खोटंही काही नाही.

मुलांचं न ऐकणारे अनेक जण डॉक्टरांचं ऐकतात. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना आधी कल्पना देऊन, तपासणीच्या वेळी त्यांनीच “सहा आठवडे चालताना सोबत माणूस हवा” असं कागदावर लिहून दिलं तर घरातला वाद मिटायला मदत होते. औषधासारखीच केअरटेकरही उपचाराचा भाग होते.

परदेशातून दोन आठवड्यांसाठी येणाऱ्या मुलांनी एक काळजी घ्यावी. सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत माणूस ठेवून विमान पकडण्यापेक्षा, आल्या-आल्या बोलायला सुरुवात करावी आणि माणूस रुजेपर्यंत सोबत राहता येईल असं नियोजन करावं.

थोड्यापासून सुरुवात

एकदम चोवीस तासांचा माणूस आणला तर कुणीही बिथरेल. रोज दोन तास, फक्त आंघोळीपुरतं किंवा संध्याकाळी बागेत फिरायला सोबत म्हणून सुरुवात केली तर ती सवय होते. मोतीबिंदूचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ही यासाठी चांगली संधी असते, कारण तेव्हाची मदत ‘म्हातारपणाची’ वाटत नाही. “महिनाभर बघू, नाही पटलं तर बंद करू” असं सांगितलं तर होकार सोपा जातो. पण असं सांगितलं तर महिन्याने खरंच विचारायला हवं.

आई-बाबांच्या हातात जेवढे निर्णय ठेवता येतील तेवढे ठेवावेत. बाई हवी की पुरुष? सकाळी की दुपारी? स्वयंपाकघरात तिने काय करायचं, काय नाही? तिला ताई म्हणायचं, मावशी म्हणायचं की नावाने हाक मारायची? दोन-तीन जणींना भेटून निवड आईनेच करावी. शक्य असेल तर महिन्याचा पगारही बाबांच्या हातून द्यावा, पैसे मुलाने दिले असले तरी. पगार देणारा माणूस घरात परावलंबी वाटत नाही.

खोटं बोलावं का? “ही माझ्या मैत्रिणीची बहीण आहे, तिला कामाची गरज आहे” अशा युक्त्या अनेक जण करतात. ज्यांना सगळं समजतं अशा आई-बाबांशी हे करू नये. सत्य दोन आठवड्यांत बाहेर येतं आणि मग पुढच्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास राहत नाही. डिमेन्शियाच्या पुढच्या टप्प्यात मात्र समजावण्याला अर्थ उरत नाही. तिथे वाद न घालता, “ताई गप्पा मारायला आल्यात” एवढ्यावर वेळ निभावून न्यावी लागते. त्यात हेतू फसवण्याचा नसून त्रास वाचवण्याचा असतो.

माणूस निवडताना काय बघायचं?

आया किंवा केअरटेकर आंघोळ, कपडे, जेवण भरवणं, चालताना आधार, डायपर बदलणं ही कामं करतात. जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा जीडीए म्हणजे रुग्णसेवेचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. इंजेक्शन, नाकातली नळी, लघवीची नळी, जखमेचं ड्रेसिंग यासाठी एएनएम किंवा जीएनएम झालेली नर्स लागते, आणि तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. ब्युरोवाले कधी कधी सगळ्यांनाच ‘सिस्टर’ म्हणतात. त्यामुळे शिक्षण काय आणि नोंदणी आहे का, हे थेट विचारावं. आयाकडून नर्सची कामं करून घेणं रुग्णासाठी धोक्याचं आहे.

ब्युरोशी बोलताना पुढच्या गोष्टी विचाराव्यात आणि लेखी घ्याव्यात:

- ड्युटी १२ तासांची की २४ तासांची? साप्ताहिक सुट्टीला बदली माणूस मिळेल का?
- माणूस पटला नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल?
- आपण दिलेल्या पैशांपैकी काम करणाऱ्याच्या हातात किती जातात?
- ओळखपत्राची प्रत आणि आधीच्या दोन घरांचे नंबर मिळतील का?
- पोलिस पडताळणी झाली आहे का? नसेल तर जवळच्या पोलिस ठाण्यात ती करून घ्यावी.

२४ तासांचा माणूस म्हणजे २४ तास जागा राहणारा माणूस नव्हे. त्यालाही झोप, जेवण आणि बसायला जागा लागते. रात्री तीन-चार वेळा उठवावं लागत असेल तर १२-१२ तासांच्या दोन पाळ्या लावाव्यात. आणि आजीसाठी आलेल्या बाईकडून घरभराची भांडी आणि फरशी करून घेतली तर आजीकडे कोण बघणार?

खर्चाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पण ते हॉस्पिटलमधल्या उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या केअरटेकरचा महिन्याचा पगार त्यातून मिळत नाही. हा खर्च कुटुंबालाच उचलावा लागतो, म्हणून त्याची वाटणी स्पष्ट बोलून ठरवलेली बरी.

पहिले पंधरा दिवस

याच दिवसांत तक्रारी सर्वांत जास्त येतात. “चहा पांचट करते”, “सारखी फोनवर असते”, “माझी बांगडी दिसत नाही.” लगेच बाई बदलू नये आणि तक्रार उडवूनही लावू नये. सुरुवातीला घरातलं एक माणूस सोबत असावं. दिवसाचं साधं वेळापत्रक फ्रिजवर लावावं. औषधं, जेवण, शौच, झोप यांची नोंद एका वहीत ठेवावी. पैसे आणि दागिने आधीच लॉकरमध्ये ठेवले तर संशयाला जागा राहत नाही, आणि काम करणाऱ्या व्यक्तीवरही आळ येत नाही.

मात्र काही खुणा गंभीर आहेत. अंगावर कारण न सांगता येणाऱ्या जखमा, पाठीवर किंवा कमरेखाली बेडसोर, अचानक घटलेलं वजन, दिवसभर गुंगी, किंवा ती व्यक्ती खोलीत आली की आई-बाबांचं गप्प होणं. यातलं काही दिसलं तर वाट न पाहता लक्ष घालावं. अवेळी, न सांगता घरी चक्कर टाकणं हा त्यावरचा जुना आणि चांगला उपाय आहे.

सीसीटीव्ही लावायचा असेल तर तो आई-बाबांना विचारून आणि काम करणाऱ्याला सांगून लावावा. बाथरूममध्ये आणि कपडे बदलण्याच्या जागी कधीच नको.

तरीही ‘नाही’च म्हणाले तर?

इथे एक न आवडणारी गोष्ट मान्य करावी लागते. ज्या माणसाला परिस्थिती समजते आणि तिचे परिणामही समजतात, त्याला मदत नाकारण्याचा अधिकार आहे. मुलांना चुकीचा वाटला तरी तो त्याचा निर्णय असतो. अशा वेळी बाई लादण्यापेक्षा धोका कमी करावा. बाथरूममध्ये पकडायला दांडा आणि न घसरणारी मॅट, रात्रीचा दिवा, संडासच्या सीटची उंची, वारांच्या कप्प्यांची औषधाची डबी, शेजाऱ्यांकडे एक किल्ली, सकाळी ठरलेल्या वेळी फोन. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक असतं. त्यामुळे हे उपाय किरकोळ समजू नयेत. मग महिन्या-दोन महिन्यांनी विषय पुन्हा काढावा.

समज कमी झालेली असेल, गॅस चालू राहत असेल, घराबाहेर पडून रस्ता चुकत असेल, तर मात्र थांबता येत नाही. तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा वृद्धांच्या आजारांचे डॉक्टर यांच्याकडून तपासून घेऊन कुटुंबाला निर्णय घ्यावा लागतो. तेव्हाही निर्णय जेवढा मोठा, तेवढाच आवाज मऊ ठेवावा.

बोलायला कुणी हवं असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन ‘एल्डरलाइन’ १४५६७ या क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ मोफत उपलब्ध असते. मानसिक ताणासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. मुलांच्या ताणासाठीही तो वापरता येतो.

आणि घरात आधीपासून राबणाऱ्या व्यक्तीचं काय?

“बाहेरची बाई नको” याचा व्यवहारात अर्थ अनेकदा “सूनच करेल” किंवा “नोकरी सोडून मुलगीच येईल” असा होतो. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांच्यावर जबाबदारी टाकतो. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हे सगळं त्यात येतं. ‘मुलं’ या शब्दाच्या या कायद्यातल्या व्याख्येत सुनेचं नाव नाही. घरातली कामाची वाटणी मात्र बरोबर उलटी असते.

त्यामुळे केअरटेकरचा विषय बोलताना घरात रोज रात्री दोनदा उठणाऱ्या व्यक्तीचं म्हणणं सर्वांत आधी ऐकायला हवं. तिची झोप, तिची पाठ, तिची नोकरी या आई-बाबांच्या तब्येतीइतक्याच खऱ्या गोष्टी आहेत. आणि अनेक आई-बाबांना हे सरळ सांगितलं तर समजतंही. “वहिनी थकलीये, तिला तीन तास विश्रांती मिळावी म्हणून एक ताई येईल” हे कारण स्वतःच्या म्हातारपणापेक्षा स्वीकारायला सोपं असतं. बाई आल्यावर हातात पडलेला वेळ मुलांनी आई-बाबांसोबत बसण्यात घालवला, तर ‘मला सोडून देणार नाही ना’ या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. आंघोळ मावशी घालतील, पण त्यानंतरचा चहा मुलाने किंवा मुलीने सोबत घ्यावा.

ज्यांचे आई-बाबा अजून धडधाकट आहेत, स्वतः बाजारात जाऊन येतात, त्यांच्यासाठी तर हा विषय काढायची हीच वेळ आहे. आता यात कुणाचा अपमान नाही आणि घाईही नाही. एखाद्या रविवारी निवांत विचारावं: “पुढे कधी तुला मदत लागली तर कुणी केलेली चालेल? काय मुळीच चालणार नाही?” उत्तर येईल ते वहीत तारखेसह लिहून ठेवावं. उद्या डिस्चार्जच्या दिवशी ब्युरोला फोन लावायची वेळ आलीच, तर निदान आईला काय हवं होतं ते कुणालातरी माहीत असेल.